टेकाडाची तांबडी माती

माझ्या धाकट्या भावाने लढाईच्या दिवसांत पहाडातली बायको केली, आणि कोरेगावच्या बाजारापर्यंत आमच्या घराची चर्चा गेली. हिमालयाच्या पायथ्याला त्याची छावणी होती. तिचा बाप पेन्शनीत निघालेला हवालदार, त्यानेच सोयरीक जुळवली. गावाने मात्र पोरगी विकत आणली असे ठरवून टाकले. गावाला काय, जिभेला हाड नाही.

तिला घरी सोडून भाऊ परत लढाईवर गेला. माझे मालकही पलटणीत, म्हणून मी लेकराला घेऊन माहेरीच होते. घर थोरल्या भावाच्या हातात. त्याने वाटणीत विहिरीची काळी जमीन स्वतःला घेतली आणि धाकट्याला तिच्या वरचे टेकाड दिले. तिथे कुसळ आणि दगड, दुसरे काही नाही. धाकट्या वहिनीला दोन वेळचे जेवण थोरल्याच्या चुलीवरचे, आणि ताटाबरोबर टोमणा ठरलेला. तिला एकच हवे होते, टेकाड पिकवून आपली चूल वेगळी मांडायची.

टेकाड पाहून ती हसली. त्यांच्याकडे याला चांगले रान म्हणतात म्हणाली. तिच्या मुलुखात सगळी शेतं अशीच, पायऱ्यापायऱ्यांची. समोरच्या गावाला हाक मारली तर ऐकू जातं, पण तिथं जायला दरीत उतरून चढेपर्यंत दिवस सरतो. पुरुष सगळे पलटणीत. बांधाची भिंत ढासळली की गावातल्या बाया हातातले काम टाकून येतात आणि दिवस मावळायच्या आत उभी करतात. हे ती पुन्हा पुन्हा सांगायची. मला मात्र आमच्या गावाचा राग यायचा.

दोन वर्षे ती खपली. दगडावर दगड बसवून तिने उतारावर ताली घातल्या, म्हणजे दगडी बांध आणि त्यामागे मातीची सपाट पट्टी. चुना नाही, चिखल नाही. ओघळीतली तांबडी माती टोपलीत भरून वर नेली. टोपली ती पाठीवर घ्यायची, खांद्यांत दोऱ्या अडकवून. आमच्या बाया डोक्यावर ओझं नेणाऱ्या, त्या फिदीफिदी हसायच्या, गाढवीण म्हणायच्या. बाजारात तिला आमचा घेवडा दिसला तेव्हा तिने मूठभर उचलून छातीशी धरला. त्यांच्याकडेही तो होतो. तोच तिने तालींत पेरला, आणि पहिल्या वर्षी दोन पोती झाला.

पुढच्या उन्हाळ्यात मी तिला चार दिवस माझ्या सासरी घेऊन गेले. परत आलो तर सर्वांत खालची ताल जागेवर नव्हती. थोरल्याने गाड्या लावून दगड नेले होते आणि गोठ्याची भिंत उभी केली होती. मी त्याला जाब विचारला.

"दगडाला काय मालक आस्तो व्हय? पडचा दगड, ज्यानं उचलला त्येचा," तो म्हणाला.

रानात मोकळा पडलेला दगड कुणीही न्यावा, ही आमच्याकडची रीत खरी. पण चुन्याशिवायची भिंत ही भिंतच नव्हे, असे मानायला माणूस आंधळा तरी पाहिजे नाहीतर लबाड तरी. माझा भाऊ आंधळा नव्हता.

तिने हाती लागले ते दगड रचून पाहिले. पण पाया गेलेला. घेवडा दोन पानांवर आला आणि आषाढात एका दुपारी पाऊस असा झोडपला की वरच्या ताली एकामागून एक बसल्या. माती, पीक, सगळे खाली गेले. खाली म्हणजे कुठे, थोरल्याच्या उसात. उघडीप झाल्यावर पाहिले, तर त्याच्या काळ्या रानात तांबडा पट्टा पसरला होता. तो बांधावर उभा राहून म्हणाला, देवाची करणी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गोठ्याकडे गेली आणि भिंतीचे दगड काढू लागली. थोरला धावत आला, मागोमाग अर्धा गाव. थोरल्या दिराशी तिने कधी शब्द काढला नव्हता, ती रीत तिच्या मुलुखातही होती. तिने पदर पुढे ओढला आणि दीर दोन हातांवर उभा असताना मला म्हणाली, "वन्सं, त्यास्नी सांगा. पडचा दगड, ज्यानं उचलला त्येचा."

मी सांगितले. वर माझे दोन शब्दही घातले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

त्याचाच शब्द, गावासमोर तो तिला अडवणार कसा? दगड टेकाडाखाली नेऊन झाले तशी ती उसात शिरली आणि खोऱ्याने तांबडी माती टोपलीत ओढू लागली. आता थोरला खवळला. माझ्या रानातून मातीचा कण नेलास तर याद राख, असे तो तिला नव्हे, मलाच ओरडून म्हणाला.

तिने हात थांबवला नाही. "त्यास्नी सांगा, काळी त्यांची. तिला मी हात लावत न्हाई. तांबडी माझी हाय, ती मी नेणार."

मी ते शब्द तसेच्या तसे, गावाला ऐकू जातील असे सांगितले. भाऊ मला म्हणाला, या घराचा उंबरा पुन्हा चढू नकोस. मी नाही चढले. त्याच्या तेराव्यालासुद्धा नाही.

गावातली एकही बाई पुढे आली नाही. मग मी लेकराला बांधावर बसवले, दुसरी टोपली घेतली, दोऱ्या खांद्यांत अडकवल्या आणि तिच्या मागोमाग टेकाड चढू लागले.