कायकाकांचे सात महिने

"हजारो? कुठले हजारो? कोणी मोजले?"

ही आरोळी वाशीच्या आमच्या संपर्क कार्यालयातून उठली, तेव्हा समोरच्या घाऊक बाजारात एका माथाड्याच्या पाठीवरचं कांद्याचं पोतं घाबरून आपणहून खाली उतरलं आणि चालत गाळ्यात जाऊन बसलं. मी स्वतः पाहिलंय. माझ्यावर विश्वास नसेल तर त्या पोत्याला विचारा. ओरडणारा माणूस खिशातल्या चार पेनांसकट पंचेचाळीस किलोसुद्धा भरला नसता. आणि ओरडा खाणारा मी: आमदारसाहेबांचा पीए, चाळिशी उलटलेला, दोन पोरांचा बाप. गुन्हा एवढाच, की विधानसभेत विचारायच्या एका प्रश्नात मी लिहिलं होतं, 'खारघरच्या रस्त्यावर हजारो खड्डे पडले आहेत.'

"हजारो लिहिलंस की मंत्री एका ओळीत सुटला, लेका! 'हे खरे नाही.' संपलं. खड्डा तिथंच, तू इथंच, आणि तो बसलाय चहा पीत."

दुसऱ्या दिवशी म्हातारा काठी घेऊन खारघरला गेला आणि संध्याकाळी उन्हानं लालबुंद होऊन परत आला. "एक्केचाळीस. त्यातली दोन गटाराची झाकणं खचलीत, ती खड्ड्यात धरू नकोस." एकोणचाळीस खड्डे विधानसभेत गेले आणि एकोणचाळीसच्या एकोणचाळीस बुजले. माझे हजारो अजून तसेच आहेत, कधीही येऊन बघा.

त्यांना सगळे कायकाका म्हणायचे. आमदार मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारतात, त्याची वीण ठरलेली असते. अमुक झाले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? काका बोलायचेही त्याच विणीत. चहावाल्याला म्हणायचे, "आज चहात आलं नाही, हे खरं आहे काय? असल्यास, जबाबदार कोण?" चहावालाही पक्का झाला होता. तो म्हणायचा, "काका, चौकशी चालू आहे."

गंमत अशी, की हा माणूस आयुष्यभर पलीकडच्या बाजूला बसला होता. साताऱ्याकडून आलेला, मंत्रालयातल्या एका खात्यात कारकून म्हणून लागलेला, आणि पुढची तीस वर्षं मंत्र्यांसाठी आमदारांच्या प्रश्नांची उत्तरं लिहिणारा. माझ्या हिशेबानं महाराष्ट्रातली निम्मी 'हे खरे नाही' त्यांच्याच हातची असणार. निवृत्त झाल्यावर एक दिवस कार्यालयात आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "प्रश्नाला कुठून पळवाट काढायची ते मला ठाऊक आहे. आता त्या वाटा बुजवायच्यात. पगार नको. पंखा तेवढा माझ्याकडं वळवा."

आमचे साहेब इथल्याच खाडीकाठच्या गावातले. ते हात जोडून म्हणाले, "काका, तुमी लिवा, मी सही मारतो. पन एकच सांगतो, सभागृहात माजं हसं नाय झालं पायजे."

साहेबांचं हसं कधी झालं नाही. काका प्रत्येक गोष्ट स्वतः पाहून यायचे. पाण्याची टाकी गळते म्हणून कोणी सांगितलं, तर हे टाकीखाली बादली ठेवून घड्याळ लावून बसायचे. मी वैतागून म्हणायचो, "काका, थोडं वाढवून लिहिलं तर जोर येतो." त्यावर ते चष्म्यावरून माझ्याकडं असे बघायचे, जसं काही मी त्यांच्या ताटात माती टाकलीय. "जोर भाषणात, भाऊ. प्रश्नात माप."

मग त्यांची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीन वार डायलिसिस. उलव्याहून वाशीच्या खासगी केंद्रात यायचं, चार तास यंत्राला जोडून पडायचं आणि परत उलव्याला जायचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर एक सरकारी रुग्णालय होतं, आणि तिथं डायलिसिसची चार यंत्रं आली होती. आली ती आली; प्लॅस्टिकही न काढता एका खोलीत उभी होती. काका काठी टेकत गेले, खिडकीतून यंत्रं मोजून आले, पोचपावतीवरची तारीख बघून आले. ती तारीख त्यांना कोणी दाखवली ते त्यांनी मलाही सांगितलं नाही.

मी म्हणालो, "काका, प्रश्नबिश्न राहू द्या. साहेबांचा एक फोन, आणि वाशीच्या मोठ्या रुग्णालयात तुम्हाला नंबर आणि न्यायला गाडी, दोन्ही मिळेल."

"आणि माझ्या शेजारी जो पडलेला असतो, त्याला कोणाचा फोन?" एवढं बोलून त्यांनी कागद ओढला. त्यांच्या हाताला सूज होती. एक प्रश्न लिहायला त्यांना अख्खी दुपार लागली. 'चार यंत्रे गेल्या सात महिन्यांपासून वापराविना पडून आहेत, हे खरे आहे काय?' कागद माझ्या हातात देताना म्हणाले, "हा तेवढा नीट जाऊ दे."

टाइप करायला मी बसलो. आता खरं सांगतो, आणि या लेखात इथं वाढवून काही सांगत नाही. मला सात महिने कमी वाटले. माझ्या काकाचा प्रश्न, आणि त्यात जेमतेम सात महिने? वाचणाऱ्याच्या काळजाला काय भिडणार? मी 'दीड वर्षापासून' असं टाइप केलं. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही मारली.

पावसाळी अधिवेशनात उत्तर आलं. (१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

मी तो कागद घेऊन उलव्याला गेलो. काका पलंगावर उशीला टेकून बसले होते. त्यांनी आधी उत्तर वाचलं, मग वर छापलेला प्रश्न वाचला. बोट 'दीड वर्षा'वर थांबलं आणि तिथंच राहिलं. मला वाटलं आता आरोळी उठणार, उलव्यातल्या सगळ्या इमारतींच्या काचा फुटणार. मी मनातून तेच मागत होतो. पण काका हळूच म्हणाले, "बरोबर आहे. मी तिथं असतो तर मीही हेच लिहिलं असतं." मग विचारलं, "दीड वर्ष कोणी घातलं?"

"टायपिंगची चूक झाली, काका."

"असू दे. टायपिस्टला रागावू नकोस."

आमच्या कार्यालयात टायपिस्ट नव्हता. कधीच नव्हता. सगळं टायपिंग मीच करायचो आणि हे काकांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

पुढचं अधिवेशन थेट हिवाळ्यात, नागपूरला. काकांनी दुसरा प्रश्न सांगितला, मी शब्द न शब्द उतरवला. आता सातचे अकरा महिने झाले होते. तेवढ्यात दिवाळीच्या सुमाराला त्यांचे दोन वार चुकले. एकदा रिक्षा मिळाली नाही, दुसऱ्यांदा मिळाली तेव्हा ते म्हणाले, "आज जिना उतरवत नाही." त्याच आठवड्यात ते गेले. त्यांना न्यायला आलेल्या माणसांत बाजारातले सहा माथाडी होते. मी एरवी साठ सांगितले असते.

नागपूरहून उत्तर आलं ते डिसेंबरात. (१) होय, हे खरे आहे. (२) सदर चारही यंत्रे कार्यान्वित करण्यात आली असून रुग्णसेवा सुरू झाली आहे.

त्याच संध्याकाळी मी काकूंकडं गेलो. त्या जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. मी उत्तर वाचून दाखवलं. दोनदा वाचलं. मग म्हणालो, "काकू, पहिल्या खेपेला ते दीड वर्ष मी घातलं होतं. काका म्हणाले तसं सात महिनेच राहू दिले असते, तर ही यंत्रं पावसाळ्यातच सुरू झाली असती. काकांना..."

काकूंनी हातातली जुडी संपवली. देठं एका बाजूला सारली.

"मशीन चालू झालं का नक्की?"

"झालं, काकू. मी येताना बघून आलो. चारही चालू आहेत."

"मग जाताना खालच्या मजल्यावर दोन नंबरच्या बाईंना सांगून जावा. त्यापण वाशीलाच जात्यात. त्यांचा उद्या वार हाय."