काकूंना न सापडलेला चोर

"चोर हाच! लिहून ठेव गा!"

असं म्हणताना काकू चष्मा कपाळावर सारायच्या, पुस्तक छातीशी धरायच्या आणि चोर आमच्यातच बसला असावा अशा नजरेने सगळ्या बसकडे बघायच्या. मग मागच्या सीटवरून कोणीतरी ओरडायचंच, "सुटला बिचारा!" काकूंनी ज्याला चोर ठरवलं तो निर्दोष, हे नागपूर-सावनेर अप-डाऊन करणाऱ्या आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

तुम्ही कधी अप-डाऊन केलं असेल, तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. तीच बस, तीच माणसं, तेच खड्डे. मी सावनेरला बँकेत, काकू तिथल्या शाळेत शिक्षिका. राहायच्या मनीषनगरात, म्हणजे नागपूरच्या पार दुसऱ्या टोकाला, पण सकाळी बसमध्ये सगळ्यांच्या आधी हजर. इतर गाड्यांमध्ये भजनं चालतात, पत्ते चालतात. आमच्या गाडीत ढोके मास्तर चालायचे.

ढोके मास्तर हे एका विनोदी रहस्यमालेचे नायक. रिटायर झालेले पीटीचे मास्तर. गळ्यात शिट्टी, गुडघे दुखतात, आणि चोराच्या मागे निघाले की आधी स्वतःच वाट चुकतात. दर दिवाळीच्या तोंडावर नवं पुस्तक येतं आणि हातोहात खपतं. मी स्वतःला जरा शहाणा वाचक समजतो. मला वाटायचं, काय हा पोरकटपणा! दर वेळी मास्तर संशयिताच्याच घरी पोटभर जेवतात, दर वेळी शिट्टी ऐनवेळी वाजत नाही. लोकांना कंटाळा कसा येत नाही? पण काकू मोठ्याने वाचायला लागल्या की "हॉर्न कमी वाजव रे बाबा" असं ड्रायव्हरला ओरडून सांगणारा मीच असायचो.

शेवटून दुसरं प्रकरण संपलं की काकू पुस्तक मिटायच्या. आता प्रत्येकाने चोर ओळखायचा. पहिला मान काकूंचा, आणि पहिली फजितीही त्यांचीच.

एकदा मी वैतागून विचारलं, "काकू, इतक्या पुस्तकांत एकदाही तुमचं बरोबर आलं नाही. काहून वाचता मग?"

"चोर पकडाले कोण वाचते गा?" त्या म्हणाल्या. "मले मास्तर आवडते. चोर सापडते, पन कोणाची इज्जत नाही जात. शेवटी चोरालेही चहा पाजते तो मानूस."

मी हसलो आणि विसरलो. मग ती अंगठीची भानगड झाली.

आमच्या बसमध्ये रीतच आहे, बसलेल्याने उभ्याची बॅग मांडीवर घ्यायची. त्या दिवशी गर्दी फार. सरकारी दवाखान्यात नुकतीच कंत्राटावर आया म्हणून लागलेली एक बाई खिडकीशी बसली होती. आमच्या बसने येऊ लागून तिला आठवडाही झाला नसेल. तिने आमच्यातल्या एका साहेबांची बॅग आपणहून मांडीवर घेतली. सावनेर जवळ आलं, साहेबांनी बॅग उघडली आणि त्यांचा चेहराच उतरला. लेकीच्या साखरपुड्याची अंगठी ते सोनाराकडे माप बदलायला नेत होते. डबी होती, अंगठी नव्हती.

"बॅग तर हिच्याजवळ होती," कोणीतरी म्हणालं. झालं! "झडती घ्या." "गाडी ठाण्यात घ्या." ती बाई बिचारी आपली पिशवी उलटी करून दाखवायला लागली. डबा, कंगवा, ड्युटीची साडी. खरंखोटं मागाहून ठरलं असतं हो, पण ठाण्याची पायरी चढलेल्या कंत्राटी बाईला दुसऱ्या दिवशी कामावर कोण घेतं?

तेवढ्यात काकू उठल्या. चष्मा कपाळावर. बोट थेट त्या बाईकडे.

"चोर हीच! लिहून ठेव गा!"

मग मागून आरोळी आली, "सुटली बिचारी!" आणि अख्खी गाडी खो खो हसायला लागली. कंडक्टर हसला, साहेबही हसले. एकदा हसू आल्यावर कोण कोणाची झडती घेणार? कंडक्टर म्हणाला, "साहेब, आधी घरी तर फोन लावा न." लावला. अंगठी देवघरात होती. सकाळी बायकोने देवापुढे ठेवायला काढली, आणि ती तिथेच राहिली होती.

पण ती बाई हसत नव्हती. तिला ढोके मास्तर कुठे माहीत होते? एका वयस्कर शिक्षिकेने भर बसमध्ये आपल्याला चोर म्हटलं आणि सगळे हसले, एवढंच तिला कळलं होतं. पदर तोंडाशी धरून ती रडत होती. काकू गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी जाऊन बसल्या.

"माफ कर वं माय. मले दुसरं काही सुचलंच नाही. मी ज्याले चोर म्हणते न, तो चोर नसते. पूस या साऱ्याइले."

"मंग मले आधी सांगाचं ना मॅडम," ती हुंदके देत म्हणाली. "माहा जीवच गेला होता." मग काकूही रडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला मालेतलं पहिलं पुस्तक आणून दिलं. दिवाळीपर्यंत तिने सगळी संपवली, आणि तिला चोर दर वेळी बरोबर सापडायचा. काकूंना याचा कोण अभिमान!

मी नंतर विचारलं, "तुम्हाला खात्री होती, ती निर्दोष आहे म्हणून?"

"मले कशाची खात्री असते गा? चोर असती तरी भर गाडीत तिची इज्जत नसती जाऊ देली."

ही पुस्तकं इतकी वर्षं का खपतात, ते मला त्या दिवशी कळलं. माणसाला चोर सापडायला हवाच असतो, पण त्यासाठी कोणाचा तमाशा झालेला बघवत नाही.

काकू रिटायर झाल्या, मग आजारी पडल्या. गेल्या दिवाळीआधी मी आणि ती बाई त्यांना बघायला दवाखान्यात गेलो. काकू अगदी एवढ्याशा झाल्या होत्या. त्यांनी तिचा हात धरला आणि डोळे बारीक करून म्हणाल्या, "मी काही आता उठत नाही वं. लिहून ठेव."

ती फिसकन हसली. "सुटल्या! म्हंजे मॅडम घरी येते आता!" मीही हसलो. काकूही हसल्या. आम्ही खाली येऊन मजेत चहा घेतला.

त्याच आठवड्यात काकू गेल्या.

नवं पुस्तक आता बसमध्ये ती बाई वाचते. परवा शेवटून दुसरं प्रकरण संपलं, तिने पुस्तक मिटलं, आणि पहिलं नाव घ्यायला कोणी पुढे होईना.

"भाऊ," ती मला हळूच म्हणाली, "एकदाच बरोबर बोलल्या त्या, अन् मी हासली न."

"त्यांना तेच हवं होतं," मी म्हटलं.

तिने मान हलवली, आणि सावनेर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.