कच्चं सोयाबीन आणि आमचा पैलवान

त्या दिवाळीत उमरेडहून मामा आला, तो एसटीतून अर्धं पोतं सोयाबीन घेऊनच. शेतात पहिल्यांदाच पेरलं होतं त्यानं... त्यामुळे कौतुक तर विचारूच नका. ऐंशीच्या आसपासचे दिवस होते. महाल वस्तीतल्या आमच्या घरात तोवर कोणी सोयाबीनचा दाणाही पाहिला नव्हता.

मामा सांगत होता की त्याच्या म्हशीला तो हेच कच्चं भिजवून घालतो आणि तिचं दूध वाढलंय. माझ्या मोठ्या भावानं, वसंतदादानं, ही बातमी आखाड्यात नेली... आणि झालं! पैलवान मंडळी भिजवलेले हरभरे गुळासोबत खातात ना, तसं दादाला रोज सकाळी दोन मुठी कच्चं सोयाबीन सुरू झालं. शिजवायचं अजिबात नाही, शिजवलं की ताकद जाते, असा वस्तादांचा हुकूम.

दादा महाशिवरात्रीला कुस्त्यांच्या दंगलीत खेळणार होता. बाबा हातमागावर बसल्या बसल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगायचे. आणि इकडे दादा वाळत चाललेला... पोट फुगलेलं, दिवसातून चारदा परसाकडे धाव, वीस जोर मारले की धाप. आई बिचारी रोज मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढायची.

मी, घरातली बेबी, तेव्हा होम सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतं, हे आमच्या बाईंनी वर्गात शिकवलेलं. म्हणजे काय, तर पोटात प्रथिनं पचवणारा जो रस असतो, त्याचंच काम अडवणारा पदार्थ... चांगलं उकडलं की त्याचा जोर मोडतो. नाहीतर कितीही खा, अंगी लागत नाही.

दादाला सांगितलं, तर तो हसला. मी गुपचूप उकडून वाटीत ठेवलं, तर त्यानं ते मऊ दाणे मोरीत ओतले आणि म्हणाला, हे म्हाताऱ्यांचं जेवण मला देऊ नको. पुस्तकं वाचून कोणी पैलवान होतं का, हेही वर ऐकवलं.

मग मात्र माझं डोकं फिरलं.

शेजारच्या सकूमावशी कोंबड्या पाळायच्या. त्यांच्याकडून एकाच वेळी उबवलेली दहा पिल्लं मागून आणली. पाच एका टोपलीत, पाच दुसरीत. दोन्हीकडे ज्वारीचा भरडा सारखाच... फक्त एकीकडे त्यात कच्च्या सोयाबीनचा भरडा आणि दुसरीकडे उकडून वाळवलेल्याचा. घरभर घाण होते म्हणून आईनं मला रोज झापलं. मी हटले नाही.

तीन आठवड्यांत फरक आंधळ्यालाही कळावा असा होता. उकडलेलं खाणारी पिल्लं टुणटुणीत, टोपलीबाहेर उड्या मारणारी. कच्चं खाणारी मात्र एवढीशी, पिसं विस्कटलेली, माना टाकून बसलेली... खरं सांगते, त्यांच्याकडे बघून मला रडू आलं. त्यांत मला दादाच दिसत होता.

दोन्ही टोपल्या उचलल्या आणि सकाळीच थेट आखाडा गाठला. आमच्याकडे बायकांनी आखाड्याची पायरी चढायची नाही, अशी रीत. मी खालीच उभी राहिले. आतून कोणीतरी ओरडलं की पोरीनं इथं यायचं काम नाही. मी म्हटलं, मी वर येत नाही, वस्तादांना खाली पाठवा.

वस्ताद आले. साठीचे, भारदस्त, सगळा मोहल्ला त्यांना वचकून असायचा. मी सगळं सांगितलं. त्यांनी मामाच्या म्हशीचं काढलंच.

"तिले काहून काही होत नाही वं मग?"

"म्हशीच्या पोटाले चार कप्पे आहेत, वस्ताद. माह्या भावाले एकच पोट आहे, अन् ते तुम्ही बिघडवून राहिले."

दादा लंगोटावर दारात उभा, मान खाली... वस्तादांनी वाकून एका हातात एक पिल्लू घेतलं, दुसऱ्या हातात दुसरं. बराच वेळ तोलत राहिले. मग दादाकडे वळले.

"वसंता, घरी जाय. बहीण देईन ते खाय."

एक कबूल करते, वस्ताद अगदीच चुकीचे नव्हते. संत्रं, आवळा, लिंबू तापवलं तर त्यातलं क जीवनसत्त्व कमी होतंच... तिथं कच्चंच बरं. पण म्हणून सगळ्यालाच तो नियम लावायचा? दाणा कुठला, खाणारा कोण, हे बघायला नको?

उकडलेलं सोयाबीन सुरू झालं आणि दादाचं पोट आठवड्याभरात ताळ्यावर आलं. मरगळलेल्या पिल्लांनाही मी तेच घातलं, तीही हळूहळू सावरली. शिवरात्रीला दादा दंगलीत खेळला आणि हरला. गेलेलं वजन इतक्या लवकर कुठून भरून येणार? मला वाटलं, आता खापर माझ्यावर फुटणार.

दादा धुळीनं माखलेला घरी आला, पाटावर बसला आणि आईला म्हणाला, "बेबीले वाढायला सांग. किती शिजवायचं ते तिलेच समजते."

त्या दिवसापासून आजतागायत, चूक दिसली की मी समोरच्याचं वय बघत नाही, मान बघत नाही... भांडते. मला उद्धट म्हणणारे खूप भेटले. माझा भाऊ आज सत्तरीत आहे आणि ठणठणीत आहे, मला तेवढं पुरतं.