बंद यंत्रमागांचा आवाज

“आग लावतोय पण त्योच आणि विझवतोय पण त्योच की!”

पाण्याच्या फिल्टरजवळ उभ्या असलेल्या दोन महिला शिपायांपैकी एक दुसरीला असं म्हणाली आणि दोघी हसल्या. मी ठाण्याच्या पायऱ्या चढत होते. मला पाहून त्या गप्प झाल्या. त्या प्रकरणातलं पहिलं काय आठवतं असं कुणी विचारलं, तर मी ते हसणंच सांगेन. कारण त्याच्या काही दिवस आधीपर्यंत त्यांच्यातल्या एकीच्या मोबाईलवर त्याच माणसाचा फोटो होता.

मी तेव्हा सोलापूर शहरात पोलीस उपनिरीक्षक होते. पुढे मी राजीनामा दिला. त्याच्या कारणांचा या घटनेशी संबंध नाही. इथे मी कुणाचंही नाव देत नाही. काही लोक अजून त्याच गल्ल्यांत राहतात.

शहराच्या पूर्व भागात जुन्या यंत्रमाग कारखान्यांची एक रांग आहे. पत्र्याची छपरं, एकमेकांना टेकलेल्या भिंती, आत सुताचे ढीग. अशा जागी आग लागली की अग्निशमन दलाची गाडी गल्लीच्या तोंडाशी अडकते. एकदा तशी आग लागली असताना एक माणूस हौदात भिजवलेली सोलापुरी चादर अंगाभोवती गुंडाळून, तोंडाला टॉवेल बांधून आत शिरला आणि दोन कामगार बायकांना बाहेर घेऊन आला. गर्दीतून तो कुठे गेला ते कुणाला कळलं नाही. मग तो पुन्हा दिसला. पुन्हा आगीत, एकदा खचलेल्या भिंतीखाली, एकदा तलावात. लोकांनी त्याला ‘चादरवाला’ नाव दिलं. त्याचे रील निघाले, गणपतीच्या मंडपात त्याचं चित्र लागलं, पोरं घरातल्या चादरी पाठीला बांधून हिंडू लागली. माझ्या शाळेतल्या, आता बाहेरगावी असलेल्या मैत्रिणी मला इंग्रजीत मेसेज पाठवून विचारत, तुमच्याकडे खरोखरचा सुपरहिरो आहे का? मी हसण्याचं चिन्ह पाठवून विषय बदलत असे.

त्या रांगेवर एका मोठ्या उद्योगपतीचा डोळा होता. शहर त्यांना नुसतं ‘शेठ’ म्हणे. अब्जाधीश माणूस. त्यांना तिथे मोठं व्यापारी संकुल उभारायचं होतं आणि कारखानदार जागा सोडत नव्हते. त्या रांगेत आगी वारंवार का लागतात, असा प्रश्न गल्लीत दबक्या आवाजात विचारला जाई. आमच्याकडे नोंद मात्र ‘शॉर्टसर्किट’ अशीच होती. प्रत्येक वेळी चादरवाला वेळेत पोहोचे, नुकसान थोडक्यात आवरे आणि कारखाना पुन्हा चालू होई. शेठनी त्याचा जाहीर सत्कार ठेवला. तो आला नाही. रिकाम्या खुर्चीला हार घालून शेठ हसत म्हणाले, “चेहरा लपवणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं.” टाळ्या पडल्या. मी तिथे बंदोबस्ताला होते.

त्यानंतर श्रावणात, विणकरांचं दैवत असलेल्या मार्कंडेयांच्या रथाच्या दिवशी संध्याकाळी, त्या रांगेतला एक कारखाना पूर्ण जळाला. सगळी वस्ती मिरवणुकीत होती. दुसऱ्या दिवशी एक व्हिडिओ फिरला. चादर गुंडाळलेला, तोंड बांधलेला माणूस कारखान्याच्या मागच्या भिंतीला कॅनमधून काहीतरी ओततो, काडी ओढतो, आणि चित्र संपतं. त्याच दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. चादरवाला कोण आणि कुठे राहतो, हे फोन करणाऱ्याने सांगितलं.

तो सूत रंगवण्याच्या कारखान्यात कामाला होता. घरात चादर सापडली, कडा करपलेली. चादरवाला आपणच, हे त्याने नाकारलं नाही. गुन्ह्याचा तपास माझ्याकडे आला, कारण वरिष्ठांपैकी कुणाला त्यात हात घालायचा नव्हता.

चौकशीत तो माझ्याकडे न बघता बोलत होता. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी.

“चादरवाला मीच, मॅडम. पण आग नाही लावली.”

“मग त्या संध्याकाळी कुठे होतात?”

“रथामागं. हजार माणसं होती की.”

“कुणी पाहिलं?”

“मला कोण बघणार? चादर नसली की मी कुणीच नाही.” मग म्हणाला, “लावायची असती तर बाहेरूनच पळालो असतो की. आत कशाला शिरलो असतो?”

आमचे वयस्क हवालदार, ज्यांना सगळं ठाणं ‘मामा’ म्हणत असे, जबाब लिहिता लिहिता म्हणाले, “नाव व्हावं म्हणून बे. आजकाल लोक लाइकसाठी विहिरीत उडी मारतात.”

तो मामांकडे बघत राहिला. चिडला नाही. मला त्या क्षणी त्याच्या रागापेक्षा त्या न चिडण्याची काळजी वाटली. लोकांनी असं म्हणावं, हे त्याने मान्य करायला सुरुवात केली होती.

पोलीस कोठडी मिळाली. त्याच्या घरावर दगड पडले. दुसऱ्या दिवशी एक बाई ठाण्यात आली. पहिल्या आगीतून ज्या दोघींना त्याने काढलं होतं, त्यांतली एक तिची मुलगी. बाईच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत चादर. त्या दिवशी त्याने मुलीच्या अंगावर टाकलेली. ती घरात देवाजवळ घडी घालून ठेवली होती, असं ती म्हणाली.

“ही घ्या. मला नको घरात.” मग आवाज खाली आला. “खरं सांगा मॅडम, ती आग पण यानंच लावली होती का? मी पाया पडले होते त्याच्या.”

लहानपणापासून माझी सवय अशी की प्रश्न आला की मनात आधी इंग्रजीत वाक्य तयार होतं, मग त्याचं मराठी, आणि तोवर समोरचा माणूस निघून जातो. बाईही निघून गेली. पिशवी टेबलावर राहिली.

संध्याकाळी शेठ स्वतः आले. सगळं ठाणं उभं राहिलं. पोलीस निरीक्षकांच्या केबिनमध्ये चहा झाला आणि मला बोलावलं. माझी शाळा कोणती, ते त्यांनी इंग्रजीत विचारलं. नाव ऐकून खूश झाले.

“म्हणजे तू आपल्यातलीच आहेस,” ते मराठीत म्हणाले. “हे बघ बेटा, लोकांना देव लागतो. नाही सापडला तर चादर गुंडाळलेला कुणीही चालतो. मी फक्त दाखवलं, की आत साधा माणूस आहे, आणि तोही बनेल.”

“तुम्ही दाखवलंत, सर?” मी विचारलं.

त्यांनी कप बशीत ठेवला. “व्हिडिओनं. व्हिडिओनं दाखवलं, असं म्हणायचंय मला.”

निरीक्षकसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर आले.

माझ्याकडे त्या बोलण्याशिवाय काही नव्हतं, आणि त्याला पुरावा म्हणत नाहीत. मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. तोवर सगळ्या शहराने तो पाहिला होता, मीही पुष्कळदा पाहिला होता. या वेळी ठाण्यात गोंगाट होता म्हणून कानात इअरफोन घातले. आणि चित्रातला माणूस कॅन उचलायच्या आधीच मला ते ऐकू आलं. खटक-खटक, खटक-खटक. शेजारच्या कारखान्यातले लूम.

सोलापूरच्या पूर्व भागात हा आवाज भिंतीसारखा असतो. तिथे राहणाऱ्याला तो ऐकू येत नाही, थांबला तरच कळतो. माझंही शालेय शिक्षण याच शहरात झालं, म्हणून मलाही तो इतके दिवस ऐकू आला नव्हता. पण रथाच्या दिवशी माझा बंदोबस्त त्याच रांगेच्या कोपऱ्यावर होता. त्या दिवशी सगळे माग बंद असतात. लांबून ढोल येत होते, आणि मधल्या शांततेत कावळ्याचे पंख फडफडलेले मला ऐकू आले होते. मी अस्वस्थ झाले होते, का ते तेव्हा उमगलं नव्हतं.

मी कुणाला काही बोलले नाही. व्हिडिओ काढणाऱ्याला पुन्हा जबाबासाठी बोलावलं. तो शेठच्या कंपनीत सुरक्षा पर्यवेक्षक होता. नुकताच पुण्याकडून आलेला, नीट भांग पाडलेला, बोलका.

“व्हिडिओ कुठून काढलात?”

“मागच्या गल्लीतल्या गच्चीवरून, मॅडम. आगीच्या जरा आधी.”

“त्यानं तुम्हाला पाहिलं नाही? चाहूलही लागली नाही?”

“चाहूल कसली! लूमचा केवढा आवाज असतो तिथं. ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू येत नाही.”

“त्या संध्याकाळीही होता?”

“फुल! व्हिडिओतच आहे की, ऐका तुम्ही.”

मामांचं पेन थांबलं. त्यांनी चष्मा वर केला. “रथाच्या दिवशी?”

“हो.”

“रथाच्या दिवशी कुठला लूम चालू होता बे? सगळी माणसं देवाला गेलेली. चालवत कोण होतं, भूत?”

तो माणूस हसायला गेला आणि मधेच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. गप्प बसणं मला जमतं, आणि चौकशीच्या खोलीत ते उपयोगी पडतं. त्याने पाणी मागितलं. मग फोन करायची परवानगी मागितली. मग म्हणाला, “मला नुसता व्हिडिओ काढून ठेवायला सांगितलं होतं, मॅडम. आगीचं मला कुणी बोललं नव्हतं.”

व्हिडिओतला चादर गुंडाळलेला माणूस त्याच्याच हाताखालचा एक रखवालदार होता. चित्रण आधीच करून ठेवलं होतं. आगीसाठी रथाचा दिवस निवडला, कारण वस्ती रिकामी असते. ज्या कारणासाठी तो दिवस सोयीचा होता, त्याच कारणाने व्हिडिओ खोटा ठरत होता, आणि हे गावाबाहेरून आलेल्या माणसाला सुचणं शक्य नव्हतं. गावातल्यांनाही सुचलं नाही, ते वेगळ्या कारणाने.

जबाब घेऊन मी निरीक्षकसाहेबांकडे गेले. ते वाईट अधिकारी नव्हते. त्यांनी जबाब दोनदा वाचला.

“वरून फोन आहे,” ते म्हणाले. “आज चादरवाल्याच्या कोठडीची मुदत संपते ना? कोठडी वाढवून घे. हे आपण नंतर सावकाश बघू.”

“सर, पण तो...”

“कोर्टात सरकारी वकील बोलतील. तुला बोलायचंच नाहीये. तुला तर तेच आवडतं.”

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. मूळ मोबाईल तपासणीला गेला आणि चित्रण आगीच्या काही दिवस आधीचं निघालं. रखवालदार आणि पर्यवेक्षक आरोपी झाले. शेठपर्यंतचा धागा न्यायालयात अजून तपासला जातो आहे, म्हणून त्यावर लिहीत नाही. चादरवाला रंगाच्या कारखान्यात परत गेला. नंतर एकदा आगीत तो दिसला, तेव्हा लोकांनी वाट दिली, पण आधी मोबाईल वर धरले. पिशवीतली चादर मी त्या बाईच्या घरी नेऊन दिली. तिने ती घेतली. देवाजवळ ठेवली की नाही, ते मी विचारलं नाही. गेलेला विश्वास मुद्देमालासारखा पावती करून परत देता येत नाही, हे मला तिच्या दारात कळलं. सोलापूरची माणसं वाईट नव्हती. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि पाहिलेल्यावर विसंबली होती. मीही तेच केलं होतं.

पण हे सगळं नंतरचं. कोठडीची मुदत संपत होती त्या दिवशी न्यायालयात गर्दी होती. तो आरोपीच्या जागी मान खाली घालून उभा होता. मागच्या बाकावर त्याची आई आणि तिच्यापासून लांब, भिंतीला टेकून, ती बाई. सरकारी वकील उठले आणि तपास अपूर्ण असल्याने कोठडी वाढवावी, असं म्हणाले. न्यायाधीश बाई कागद चाळत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

“कोठडी नेमकी कशासाठी हवी आहे? तपास अधिकारी कोण?”

वकील उत्तर देऊ लागले.

“मी तपास अधिकाऱ्यांना विचारलं.”

मी उभी राहिले. काहीतरी बोलले, ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

“मोठ्यानं सांगा,” न्यायाधीश म्हणाल्या.

या वेळी वाक्य इंग्रजीत आलं नाही.

“कोठडी नको आहे, मॅडम. ज्या व्हिडिओवरून यांना धरलं, तो आगीच्या दिवसाचा नाही. आग यांनी लावलेली नाही.”