वरून ओतलेलं पाणी

हापशीवर तेव्हा आम्ही तिघीच होतो. मी, माझी सून रंजना आन् गावातली पाटलीण. आज पाण्याच्या टाकीत जंतू मारायची पावडर टाकली, त्या वासानं आठवलं.

पुरानं शिरगावच्या विहिरी घाण झालेल्या, हीच पावडर टाकूनबी पाणी पिण्याजोगं नव्हतं. चांगलं पाणी फक्त आमच्या बौद्धवाड्यातल्या हापशीला. पाटलिणीची नात जुलाबानं आडवी, म्हणून पाटलीण स्वतः हंडा घेऊन आली. मी तरणी असताना ही तिच्या विहिरीवर मला वरून पाणी ओतायची. म्हणायची, "लांब हो, भांड्याला भांडं लावू नको."

मी कळशी भरली. म्हटलं, "लांब व्हा, पाटलीणबाई." आन् वरून ओतलं. अर्धं मातीत गेलं.

"आत्याबाई, लेकरू आजारी हाय तिचं," रंजना बोलली.

"मग? देतेय ना पाणी!"

पाटलीण रडत हंडा घेऊन गेली. मला बरं वाटलं. अजून वाटतं. वाचणाऱ्यांनो, "जाऊ द्या, आजी" तेवढं म्हणू नका.