कुंभकोणमचा पाऊस निवडताना

पाऊस निवडावा लागतो, हे मला पीएचडीला नाव घातल्यावर कळलं. तोवर माझी समजूत अशी की तो पडतो, कोणीतरी मोजतं आणि आकडा एकच असतो. कसलं काय! एकाच गावावर एकाच दिवशी पडलेल्या पावसाचे चार आकडे मिळतात, आणि चौघेही छातीठोकपणे सांगतात की आमचाच खरा.

माझा प्रश्न साधा होता. कुंभकोणमला ऐप्पसी-कार्तिकात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास, मुसळधार पावसाचे दिवस वाढले आहेत का? गावात कोणालाही विचारा, 'वाढलेत की' म्हणेल आणि कॉफी संपवेल. त्याला पुरावा लागत नाही. मला लागत होता. कॉलेजात मी भूगोल शिकवत होते ती तात्पुरत्या नेमणुकीवर. येत्या जूनपर्यंत पदवी हातात आली तर कायम, नाही तर घरी बसा, असं मला स्वच्छ सांगण्यात आलं होतं. चाळिशी उलटलेल्या बाईला दुसरीकडे कोण घेतो?

घरी म्हणजे अक्काकडे. अक्का माझी थोरली बहीण, बँकेतून निवृत्त झालेली. माझं लग्न मोडल्यापासून मी तिच्याजवळच राहते. आमचे पूर्वज मराठ्यांच्या काळात इकडे आले ते इथलेच झाले. घरात आम्ही जी मराठी बोलतो ती ऐकून पुण्याची माणसं आधी हसतात आणि मग 'किती गोड' म्हणतात. मला दोन्हीचा राग येतो.

पहिला घोळ शोधायला बसल्याबसल्याच झाला. एका संकेतस्थळावर 'मान्सून' नावाचं बटण होतं. मी भाबडेपणाने दाबलं, सगळ्या वर्षांचे आकडे उतरवून घेतले, कोष्टकं केली, आणि मग लक्षात आलं की त्यांचा मान्सून सप्टेंबरात संपतो. आमचा मोठा पाऊस तेव्हा सुरूसुद्धा झालेला नसतो! जूनमध्ये आमच्या गच्चीवर सांडगे वाळत असतात. बटण करणाऱ्याने देशाचा नकाशा कधी खालपर्यंत उघडून पाहिला नसावा. मी कपाळावर हात मारला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मग एकेक स्थळ पुढे यायला लागलं. पहिलं, गावातल्या पर्जन्यमापकाची नोंद, मधेमधे रिकामी. दुसरं, चौकटींचं. साऱ्या देशाचे चौकोन पाडायचे आणि जवळच्या मापकांवरून प्रत्येक चौकोनाला रोजचा आकडा द्यायचा. एकही दिवस रिकामा नाही, अगदी इस्त्री केल्यासारखं. तिसरं उपग्रहाचं, आणि चौथं संगणकाने हवेच्या गणितातून मांडलेलं. एक ना धड भाराभर चिंध्या.

माझे मार्गदर्शक सर तंजावरला बसतात. भला माणूस, पण कायम घाईत. त्यांनी उपाय सांगितला, "चारही चालवून बघ. जो बोलेल तो ठेव." बोलेल म्हणजे ज्याची रेघ वर चढेल. रेघ चढली की शोधनिबंध छापला जातो, निबंध छापला की प्रबंध दाखल करता येतो. सरांचं चुकत होतं असं नाही, सगळे तसंच करतात.

सकाळी कॉफी घेताना मी अक्कापुढे हे रडगाणं गायले. ती फोनमध्ये डोकं घालून बसली होती. आमच्या लोकांची इथली आणि चेन्नई-बेंगळूरची घरं धरून लग्नाच्या मुलामुलींची माहिती तिच्याकडे असते. कोणी नेमलं नाही, पण गेली कैक वर्षं स्थळं हीच जुळवते.

"मग ह्यात रडायचं काय गे?" ती म्हणाली. आमच्यात 'अगं' नाही, 'गे' आहे. "मी काय करते? आधी गोत्र, मग पत्रिका, मग शिक्षण, घरची माणसं. फोटो शेवटी. फोटो आधी दाखवला की संपलं. मग गोत्र एक निघालं तरी माणसं म्हणतात, बघू या, काही तोड निघते का."

"माझ्या वेळेला फोटो आधी आला होता," मी म्हटलं.

"तेव्हा माझं कोणी ऐकलं नाही," अक्का म्हणाली आणि पुन्हा फोन बघायला लागली.

पण गोष्ट मला पटली. मी ठरवलं, रेघ शेवटी बघायची. आलेख काढायचाच नाही. आधी अटी. आकड्यांच्या ह्या संचातला पाऊस मोजणारं भांडं खरोखर आपल्या गावात आहे का? मधल्या काळात ते हललं का? पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत रीत एकच आहे का? त्यांचा दिवस कधी बदलतो? आमचा मापक सकाळी साडेआठला वाचतात, उपग्रहाच्या संचाचा दिवस भलत्याच वेळी संपतो. दोन्ही शेजारी ठेवले की पाऊस एका दिवसाने सरकतो. आणि शेवटची अट, जे मोजलं नाही ते रिकामं ठेवलंय की भरून काढलंय?

उपग्रहवाला पहिल्याच फेरीत गेला, वय कमी. इतक्या थोड्या वर्षांवरून वाढ-घट बोलणं म्हणजे बारशाला आलेल्या मुलाची नोकरी विचारणं. संगणकवाला रोज थोडं थोडं शिंपडत होता. त्याच्याकडे कोरडा दिवसच नाही आणि धो धो दिवसही नाही. राहिले दोन. चौकटवाल्याशी माझं जमत आलं होतं. भाषा चांगली, कागदपत्रं चोख, जगभरचे लोक वापरतात. पण कुठला मापक कुठल्या वर्षापर्यंत धरलाय, हे त्यांनी एका पुरवणीत दिलं होतं. ती वाचायला कोणी जात नाही. मी गेले. आमच्या चौकोनात पूर्वी एक मापक होता. पुढे तो त्यांच्या यादीतून गळाला. तिथून पुढचा आमचा पाऊस समुद्रकाठच्या मापकावरून ओढून आणलेला. कुठे नागपट्टणमचा किनारा आणि कुठे आम्ही! वादळ तिकडे आदळतं, आमच्याकडे येईपर्यंत त्याचा निम्मा जीव गेलेला असतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तेव्हा अटींप्रमाणे उरला तो गावातला मापक, भोकं पडलेला. भोकंही नेमकी पुराच्या आठवड्यांत. मोजणाऱ्याला तिथवर पोचताच येत नसणार, किंवा भांडंच पाण्याखाली. पण निदान जिथे मोजलं नाही तिथे तसं कबूल केलेलं होतं. मी तोच घेतला, आणि मग पहिल्यांदा आलेख काढला.

रेघ आडवी. जरासुद्धा चढ नाही.

त्याच सकाळी सरांचा मेल आला होता. चौकटवाल्याचा आलेख त्यांनी स्वतःच काढून पाठवला होता. रेघ छान वर चाललेली, बघत राहावं अशी. खाली लिहिलं होतं, 'अभिनंदन. हाच. लगेच लिहायला घे.' मला रडू आलं, दुःखाचं नव्हे, संतापाचं. कोणाचा संताप ते मात्र सांगता येईना.

अक्काला दोन्ही आलेख दाखवले, चौकटवाला का नाकारला तेही सांगितलं. वाटलं, ती म्हणेल शाब्बास, नियम पाळलास. तिने चष्मा लावून नीट पाहिलं आणि चढणाऱ्या रेघेवर बोट ठेवलं.

"हा घे."

"अक्का! फोटो शेवटी कोण म्हणालं?"

"मी म्हणाले. ते लग्नासाठी. पोटासाठी कोण पत्रिका बघतो? जूनमध्ये घरी बसशील. माझं पेन्शन मी असेतो. मग? अय्यो, पावसाला काय पडलंय तू त्याला कसा मोजलास त्याचं!"

"मग तूही खोटी पत्रिका जुळवून दे की लोकांना!"

हे बोलायला नको होतं. ती उठून गेली. पुढे कित्येक दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोललो. डब्यात भाजी काय ते सुद्धा तिने मला विचारलं नाही. मला तिचा राग आला होता, आणि ती घाबरली आहे हे कळत असूनही मी नमतं घेतलं नाही. आमच्या घराण्यात ही खोड दोघींना सारखीच आली आहे.

प्रबंध मी माझ्या हट्टाने लिहिला. त्यात दोन्ही रेघा शेजारी ठेवल्या आणि दाखवलं की चौकटवाल्याची रेघ जिथून चढते, तिथूनच आमचा मापक गळालेला आहे. सर आधी चिडले, मग दोनदा वाचलं, आणि म्हणाले, "छापेल कोणी तर बघू." त्यातून काढलेला निबंध एका लहानशा नियतकालिकाने छापलासुद्धा. जूनच्या आत कशीबशी जाहीर मौखिक परीक्षा ठरली. आमच्याकडे ही परीक्षा खुली असते. आधी सूचना लावतात, कोणीही यावं, कोणीही प्रश्न विचारावा. चहा आणि केसरी, म्हणजे आमच्याकडचा केशरी शिरा, उमेदवाराच्या खर्चाने.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे कुंभकोणमला मुसळधार पाऊस वाढलेला नाही?"

"तसं म्हणता येत नाही, सर. सर्वांत मोठ्या पावसाचे आठवडेच नोंदीत नाहीत."

"मग वाढलाय?"

"तसंही म्हणता येत नाही."

"इतकी वर्षं काम करून तुम्ही मला सांगताय की माहीत नाही?"

"हो सर."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. माझे सर पंख्याकडे बघत होते. अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, "श्रोत्यांपैकी कोणाचा प्रश्न?"

अक्का उभी राहिली. ती आली आहे हेच मला माहीत नव्हतं. उंबरठ्याबाहेर आम्ही दोघी एकमेकींशी तमिळच बोलतो. बाजारात, देवळात, आई गेली त्या हॉस्पिटलातसुद्धा तमिळच बोललो. कोणी शिकवलं नाही, तसंच आहे. त्या भरल्या हॉलमध्ये ती आमच्या घरच्या मराठीत माझ्यावर ओरडली.

"सांग की गे त्यांना! खाली मुंडी घालून काय उभी राहिलीस? ते दुसरं दिसायला बरं होतं, मीच म्हणाले घे म्हणून, जीव खाल्ला तुझा! का घेतलं नाहीस ते सांग! मला सांगितलंस तसं सांग!"

सगळे वळून बघायला लागले. कोणालाच काही कळलं नव्हतं. परीक्षकांनी मला विचारलं, "बाई काय विचारताहेत?"

मी पाणी प्यायले आणि इंग्रजीत, शक्य तितक्या कोरडेपणाने सांगितलं, "त्या विचारताहेत की बाकीचे तीन संच मी का नाकारले."

"चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले. "सांगा."

मी सांगितलं. भांडं कुठे होतं, यादीतून कधी गळालं, समुद्रकाठचा पाऊस आमच्या नावावर कसा चढला, दिवस कुठे बदलतो, रिकामं का रिकामं ठेवलं. परीक्षकांनी पेन उचललं होतं. मधे एकदा त्यांनी पुरवणीचं पान मागून घेतलं आणि म्हणाले की हा संच त्यांनी स्वतः वापरला आहे, ही पुरवणी मात्र कधी उघडली नव्हती. मग त्यांनी अध्यक्षांच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि पदवीची शिफारस वाचून दाखवण्यात आली.

लोक केसरीकडे वळले. अध्यक्ष अहवालात लिहायला म्हणून अक्काकडे गेले. "प्रश्न विचारणाऱ्यांचं नाव आणि हुद्दा?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं. तिने नाव सांगितलं. हुद्द्यापाशी ती अडली. तिचे डोळे भरून वाहायला लागले.

मी मधे गेले आणि सांगितलं, "माझी अक्का आहे. लिहा."