झळझळीत हळद

बांगलादेशात पद्मा नदीकाठच्या आमच्या हाटात मोकसेद मियाँसारखं हळकुंड कुणी चमकवत नसे. हे मी म्हणतोय, आणि मी अडत्या, सगळ्यांचा माल घेऊन पुढे विकणारा. कौतुकाला माझा हात नेहमी आखडता.

एका पुराच्या साली हळकुंडं भिजून काळवंडली, तेव्हा पॉलिशच्या ढोलात मूठभर पिवळी पूड टाकायची रीत पडली. पूड कसली, कुणी विचारलं नाही. पुढच्या साली माल चांगला आला, तरी रीत राहिली. मीच मोकसेदला म्हणायचो, "रंग नाही तर भाव नाही, मियाँ."

घरी जाताना तो सगळ्यात झळझळीत हळकुंडं निवडून कनवटीला खोची. बायको जुलेखा पोटुशी होती. "बाहेर काहीही विकेन, घरात हलका माल नेणार नाही," म्हणायचा. लेक झाली, रिक्ता. तिच्या डाळीत, माशात तीच हळद.

पोर सात वर्षांची झाली तरी तिला पाचापुढे मोजता येईना. "बापावर गेलीय," मोकसेद हसायचा. मग शहरातून एक डॉक्टरबाई आल्या. त्यांनी पोरांचं रक्त तपासलं. रिक्ताच्या रक्तात शिसं निघालं, पोरांची बुद्धी खुंटवणारं, आणि तेच घरातल्या हळदीच्या डब्यात, त्या पिवळ्या पुडीतून आलेलं.

"ही हळद देतं कोण तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"मीच," मोकसेद म्हणाला.

त्या दिवसापासून त्याने पूड सोडली. माझ्याकडे मातकट माल आणला. "महाजन, यात काही नाही. नुसती हळद आहे."

"ही काय माझ्या सासूला विकू?" मी हसलो. दोन हंगाम त्याची पोती परत पाठवली. शेवटी तो वीटभट्टीवर कामाला गेला.

पुढे छापे पडले, पुडीवर बंदी आली. आता सगळा हाट फिकी हळद विकतो आणि लोक मुकाट्याने घेतात. कुणाचं कालवण बिघडलं नाही. मी मोकसेदला परत बोलवायला गेलो. रिक्ता आता चौदा वर्षांची. जुलेखा तिला घास भरवत होती.

"चल मियाँ, हाटाला आता फिकीच लागते."

"खपते?"

"सगळी खपते."

त्याने रिक्ताकडे पाहिलं. "म्हणजे पहिल्यापासूनच खपली असती," म्हणाला, आणि रडायला लागला. त्याच्या खांद्यावर हात ठेवायचीही मला लाज वाटली.